यीस्ट सीओटू: मुंबईच्या उन्हाळ्यात जेलीची बाटली

माशांची टाकी दोन फुटी, पाणी साधारण ५५ लिटर, झाडं रोटाला आणि हायग्रोफिला. झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायला यीस्ट घातलेली साखरपाण्याची साधी बाटली मे महिन्यात इथे टिकत नाही. ३२-३३ अंशांत यीस्ट साखरेवर तुटून पडतं, सुरुवातीचे काही दिवस गॅसच गॅस आणि मग शुकशुकाट. म्हणून साखर जेलीत अडकवली. ती वरच्या थरातून हळूहळू सुटते, यीस्टला तेवढीच मिळते.

जिलेटिनच्या फंदात पडू नका, मुंबईच्या उकाड्यात ते पातळ होतं. किराणावाल्याकडचा चायना ग्रास घ्या. एकदा घट्ट झाला की ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. ५०० मिली पाण्यात ५-६ ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, मग २०० ग्रॅम साखर. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत ५०-५५ अंशांवर ओता. त्याहून बरंच गरम ओतलं तर बाटली आक्रसते, फार गार केलं तर मिश्रण पातेल्यातच थिजतं. घट्ट झाल्यावर वर कोमट पाणी ८०० मिली, पाव चमचा कोरडं यीस्ट, अर्धा चमचा खायचा सोडा. फेसासाठी वर मोकळी जागा हवीच.

गळती जवळपास नेहमी झाकणातून होते. इपॉक्सी पुट्टी या प्लास्टिकला धरत नाही, काही दिवसांत सुटते. ६ मिमी नळीसाठी ५ मिमीचं भोक ड्रिलने पाडा, नळीचं टोक तिरकं कापा आणि पक्कडीने आतून बाहेर ओढा. नळीचा ताणच भोक बंद करतो. तापवलेल्या खिळ्याने भोक वेडंवाकडं होतं. पुढे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली: येणारी नळी पाण्यात बुडलेली, जाणारी पाण्याच्या वर. फेस तिथेच अडतो, बुडबुडेही मोजता येतात. त्यानंतर चेक वॉल्व्ह (टाकीचं पाणी उलटं येऊ न देणारी झडप), मग डिफ्यूजर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा).

पहिल्या रात्री काहीच नाही, नळी भरायला वेळ लागतो. आता सेकंदाला एक बुडबुडा, ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी कुपी) हिरवा, म्हणजे प्रमाण ठीक. त्यात ४ डीकेएचचं (केएच, म्हणजे कार्बोनेट कठीणपणा, ४ अंश) द्रावणच भरा, टाकीचं पाणी नको. रंग तासा-दोन तासांनी बदलतो, तेव्हा घाई नको.

आपल्या नळाला येणारं तलावाचं पाणी मऊ, त्यामुळे सीओटू सुरू झाला की पीएच झपाट्याने उतरतो. ५५ लिटरला १.६ ग्रॅम खायच्या सोड्याने केएच सुमारे एक अंश वाढतो. एकदम नको, थोडा थोडा घाला. रात्री झाडं सीओटू घेत नाहीत, पण यीस्टला सुट्टी नसते. टाकीचे दिवे बंद झाले की एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू. नळीला तोटी लावून गॅस बंद करणं म्हणजे बाटली फुटण्याला आमंत्रण. सकाळी मासे वर तोंड मारताना दिसले तर आधी हवा, मग पाणीबदल. आणि हो, बाटली पाण्याच्या ताटलीत ठेवा, मुंग्यांना पत्ता लगेच लागतो.

बुडबुडे मंदावले म्हणजे साखर संपलीच असं नाही; साचलेल्या अल्कोहोलमुळे यीस्ट दमलेलं असू शकतं. वरचं पाणी ओतून टाका, ताजं यीस्टपाणी भरा, जेलीत साखर उरली असेल तर तीच चालते.