बेरी आणि हॉलकम टेकडी : सर रॉबर्ट पील यांच्या मुलखात

मँचेस्टरला जाणे झाले, तर एक दिवस राखून उत्तरेकडची बेरी आणि रॅम्सबॉटम ही गावे अवश्य पाहावीत. १८४६ मध्ये परदेशी धान्यावर जकात लावणारे ‘धान्य कायदे’ रद्द करून स्वतःच्याच जमीनदार पक्षाचा रोष ओढवून घेणारे ब्रिटनचे पंतप्रधान सर रॉबर्ट पील मूळचे इथले, आणि त्यांचा तो निर्णय हे खोरे पाहिल्यावर अधिक उमगतो, असे मला वाटते.

व्हिक्टोरिया स्थानकातून मेट्रोलिंकची ट्राम थेट बेरीला जाते. शेवटच्या थांब्यापासून थोडे चालले की मार्केट प्लेसमध्ये, सेंट मेरी चर्चजवळ, एडवर्ड हॉजेस बेली यांनी घडवलेला पील यांचा १८५२ चा पुतळा दिसतो. पील यांचा जन्म ५ फेब्रुवारी १७८८ रोजी बेरीतच झाला. आजोबा कापडावर छपाई करत. पार्स्लीच्या पानाची त्यांची नक्षी इतकी गाजली की ‘पार्स्ली पील’ हेच त्यांचे नाव पडले. हिंदुस्थानी छिटांनी इंग्लंडला जी गोडी लावली होती, तिच्यावरच हा धंदा पोसला गेला. वडिलांनी तो भागीदारीत वाढवला, त्या पैशातून दक्षिणेकडे स्टॅफर्डशरमधल्या टॅमवर्थजवळ ड्रेटनची जमीन घेतली आणि टॅमवर्थमधून ते पार्लमेंटात निवडून गेले. गिरण्यांतल्या शिकाऊ मुलांसाठीचा १८०२ चा कायदा त्यांनीच आणला. मात्र लँकशायरच्या, म्हणजे याच भागातल्या, गिरण्यांना लागणारा कापूस मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतल्या गुलामांच्या कष्टातून येत होता, ही गोष्टही पुतळ्यासमोर उभे असताना विसरता येत नाही.

बोल्टन स्ट्रीट स्थानकातून ईस्ट लँकशायर रेल्वेची वारसा म्हणून जपलेली जुनी गाडी अर्वेल नदीच्या खोऱ्यातून रॅम्सबॉटमला नेते. ती रोज धावत नाही, म्हणून वेळापत्रक आधीच पाहावे आणि शक्यतो वाफेच्या इंजिनाचा दिवस निवडावा. पुढे हॉलकम टेकडीचा चढ आहे. गावातली दगडी घरे आणि इमॅन्युएल चर्च मागे पडेपर्यंतचा रस्ता चांगलाच दमवतो. नंतर उघडे माळरान लागते. उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो आणि पायवाट निसरडी होते, तेव्हा पकड असलेले बूट आणि पावसाळी जाकीट हवेच.

माथ्यावरचा पील टॉवर १२८ फूट उंच असून तो १८५२ मध्ये लोकवर्गणीतून पुरा झाला. जवळ गेल्यावर त्याचे काळवंडलेले, खडबडीत दगड दिसतात; त्यात शोभेचे कोरीवकाम जवळपास नाही, आणि मला तेच योग्य वाटले. धान्य कायद्यांमुळे परदेशी धान्यावर जकात बसे, जमीनदारांना चढा भाव मिळे आणि गिरणी कामगाराची भाकरी महाग होई. १८४५ मध्ये आयर्लंडमधले बटाट्याचे पीक रोगाने बुडाल्यावर पील यांनी ते कायदे हटवायचे ठरवले. त्यांच्या पक्षाच्या बहुसंख्य खासदारांनी विरोधात मत दिले, आणि कायदे रद्द होताच काही दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. मनोरा मोजक्याच दिवशी आतून पाहता येतो. वर निशाण फडकत असेल तर तो उघडा आहे असे समजावे. आतला जिना चढण्याची तयारी नसेल, तरी पायथ्यापासून दिसणारे मँचेस्टरपर्यंतचे दृश्य पुरेसे आहे.

सवड असल्यास दुसऱ्या दिवशी टॅमवर्थ गाठावे. तिथे टाऊन हॉलसमोर त्यांचा पुतळा आहे आणि जवळच्या ड्रेटन बॅसेटच्या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. त्यांचा वाडा पाडला गेला असून त्या जागी आता मनोरंजन उद्यान आहे, त्यामुळे केवळ वाड्यासाठी तिथवर जाऊ नये. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर बेरीच निवडावी.