फिलेचं देऊळ: तिकीट हातात, घोडं होडीपाशी अडलेलं

इजिप्तमधलं फिलेचं इसिस देवीचं देऊळ नाईलमधल्या बेटावर आहे आणि तिकिटात होडी धरलेली नसते. एवढी साधी गोष्ट आधी कुणी सांगत नाही, याचा मला अजून राग येतो.

अस्वान शहरातून टॅक्सीने शेलालच्या धक्क्यावर यायचं आणि खिडकीवर तिकीट काढायचं. तिथे कार्डच लागतं. इथवर काही अडत नाही. पाण्याच्या कडेला आलात की मात्र सगळा व्यवहार रोखीचा, आणि भाव तोंडी. माझा पाऊण तास तिथेच गेला.

भाडं होडीचं असतं, माणशी नाही. एकट्याने जायचं तर धक्क्यावरच आणखी चार-पाच जण गाठा. आकडा नावाड्याला फोनवर लिहून दाखवायला सांगा, आणि तो मिसरी गिनेहमधलाच, म्हणजे इजिप्तच्या पाउंडातलाच आहे हे वदवून घ्या. नुसतं ‘पाउंड’ म्हटलं की परत येताना ते ब्रिटिश पाउंड ठरतात. ‘जाऊन-येऊन’ हे शब्द स्पष्ट म्हणा, नाहीतर परतीचे पैसे बेटावर मागतात, आणि तिथून चालत येण्याची सोय नाही. पैसे परतल्यावरच द्यायचे. होडीचा फोटो काढून ठेवा. बेटाच्या धक्क्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थांबण्याचा वेळ. नावाडी साधारण तासभर धरून चालतो. तुम्ही दोन तास ठरवा, त्यासाठी थोडे जास्त द्यावे लागले तरी द्या.

कारण तास पुरतच नाही. होडीतून उतरल्यावर दोन्ही बाजूंचे खांब, मग 18 मीटर उंचीचं पहिलं महाद्वार, त्यावर शत्रूंचे केस धरून शस्त्र उगारलेला इजिप्तचा राजा बारावा टॉलेमी. गाइड इथेच रमतात. पुढे दुसऱ्या महाद्वारातून खांबांच्या दालनात गेलात की दगडात खोल कोरलेले क्रूस दिसतात. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळात देवळातली पूजा बंद पाडली आणि या दालनाचं चर्च झालं. बऱ्याच देवतांचे चेहरे आणि अंग छिन्नीने टोचून काढलेत. बाह्यरेखा तेवढ्या शाबूत.

आणि ज्यासाठी इथे यावं ते पश्चिमेला, रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाच्या दारात आहे. आतल्या भिंतीवर मंडुलिस या नूबियन देवाची आकृती आहे, शेजारी थोडी चित्रलिपी. इसिसचा पुजारी नेस्मेतेराखेम याने ती 24 ऑगस्ट 394 रोजी कोरली. चित्रलिपीतला हा शेवटचा ज्ञात, तारीख असलेला लेख. तीन हजारांहून जास्त वर्षं चाललेली लिपी या एवढ्याशा जागेत संपते. कोरीव काम उथळ आहे, समोरून पाहिलं तर भिंतच दिसते. परवानगी असेल तर फोनचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, अक्षरांच्या कडा सावलीने वर येतात. बहुतेक गट इथवर पोचतच नाहीत, होडीवाला हाका मारायला लागलेला असतो. म्हणून उतरल्यावर आधी इथे या, महाद्वार नंतर बघा.

तुम्ही उभे असता ते मूळ फिले नव्हेच, हेही माहीत असू द्या. 1902 च्या अस्वान धरणानंतर देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असायचं. पुढे अस्वानचं दुसरं, मोठं धरण झाल्यावर दोन धरणांच्या मधल्या पाण्यात ते कायमचं अडकलं. 1972 पासून बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, दगड सुटे करून जवळच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचले, आणि 1980 मध्ये देऊळ उघडलं. अगिल्कियाचा आकारसुद्धा फिलेसारखा घडवून घेतला. परतीच्या होडीत मूळ बेटाची जागा नावाड्याला विचारा, हाताने दाखवतो.

सुट्ट्या नोटा हॉटेलातूनच घेऊन निघा. ठरलेली रक्कम तंतोतंत हातात असली की ‘सुटे नाहीत’ हा शेवटचा घोळ होत नाही.