दुपारी दीड ते पाच

“भुंकणं बंद होईल असं एखादं इंजेक्शन नाही का हो?” दवाखान्यात येऊन हे विचारणारे वर्षाला दोन-चार तरी भेटतात. हे काका मात्र वही घेऊन आले होते. रकाने आखलेले: तारीख, सुरुवात, शेवट, शेरा. आयुष्य वीजमंडळात नोंदी करण्यात गेलेलं. शेजारच्या बाल्कनीतला बीगल एप्रिलच्या तीन आठवड्यांत कधी, किती वेळ भुंकला, याचा सगळा हिशोब त्यात होता.

“निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. नियम २००० सालचा आहे. माझा मोबाइल ८० दाखवतो.” पोलिसांत जायच्या आधी माझ्याकडे आले, कारण त्या कुत्र्याच्या लहानपणच्या लसी मीच दिलेल्या.

वही चाळता चाळता मी थांबलो. भुंकणं रोज दीडच्या सुमारास सुरू, पाचला बंद. एका गुरुवारी मात्र दुपार रिकामी आणि शेऱ्यात ‘ढगाळ’.

“काका, ती बाल्कनी पश्चिमेची का?”

“हो. का?”

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीन वाजता त्या बीगलच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. आत त्यांचे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. बाल्कनीवर पत्रा, चारेक फुटांची साखळी आणि स्टीलच्या भांड्यात हात घालवणार नाही इतकं तापलेलं पाणी. सशामागे टोळीनं धावायला, आणि धावताना मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडायला घडवलेली ही जात. तिला चार फूट. नखं वळून पंजात रुतायला आलेली. कान उचलला तर आंबूस वास, आत काळपट मळ. वहीत ‘रात्री २:१०, कण्हणे, साखळीचा आवाज’ अशा नोंदी होत्या. तो कान खाजवत होता.

खरं सांगतो, राग आला. पण काकूंवर कसा काढणार? लॉकडाउनमध्ये हौसेनं पिल्लू आणून, मग ते आईच्या गळ्यात बांधून बंगळुरूला गेलेल्या मुलाला तिथूनच फोन लावला. फिरवायला माणूस ठेव, पैसे तू पाठव.

वहीवाले काका दारातच उभे होते. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना सांगितलं. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये.

“पन्नास? अहो, साखळी तरी येते का तेवढ्यात?”

साखळी सोडवली, दुपारचा मुक्काम हॉलमध्ये हलवला. कान साफ करून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ थेंब दिले. नखं एकदम कापता येत नाहीत. वाढलेल्या नखात रक्तवाहिनीही पुढे आलेली असते. दर आठवड्याला थोडं थोडं.

पंधरवड्यानं कान तपासायला काकू त्याला घेऊन आल्या. मागोमाग वही. ‘दुपार: निरंक. रात्र: निरंक. सायं. ४:१५, शाळेची बस, ३ मिनिटे.’ शेजारी नवा रकाना आखला होता, ‘कानात थेंब’. रोज दोन बरोबरच्या खुणा, फक्त एका रविवारची संध्याकाळ कोरी.

“त्या दिवशी मी गावाला गेलो होतो,” काका म्हणाले.