दहा वाजता मास्टर खाली

आवाजाचे नियम पाळू असं लिहून देतात त्या हमीपत्रावर साउंडवाल्याचीही सही असते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. कार्यक्रम कॉलेजचा असो, मंडळाचा असो की लग्नाचा, आमच्याकडे आयोजकाच्या सहीखाली आमची सही घेतात, आणि काही कमीजास्त झालं तर जप्ती आमच्याच बॉक्सची होते. स्टेजवर कोण गात होतं हे पंचनाम्यात येत नाही. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सणांतच संपतात. कॉलेजच्या फेस्टिव्हलच्या वाट्याला त्यातला एकही येत नाही.

त्यामुळं दहाला काय करायचं हा प्रश्न मला एरवी पडत नाही: मास्टर, म्हणजे सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करायची दांडी, खाली. या थंडीत पडला, कारण स्टेजवर दिल्लीचा बँड इंडियन ओशन होता.

आमचा धंदा अण्णांनी मिरजेत सुरू केला. मंडप, बिछायत आणि आहुजाचे कर्णे. मी डिप्लोमाला असताना एका मित्राकडून त्यांच्या ‘कंदिसा’ची कॅसेट हाती लागली. अल्बम २००० सालचा. वर्गातली रॉक ऐकणारी पोरं सगळी मेटलवाली होती. मीही ऐकायचो, पण ते सगळं लांब कुठंतरी चाललंय असं वाटायचं. या कॅसेटमध्ये बेस गिटार होती, ड्रम होते आणि त्यांच्या बरोबरीनं तबला होता, कोपऱ्यात बसवलेला नव्हे. नर्मदेकाठचं लोकगीत होतं. अरामी भाषेतली, केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना होती, तेच ‘कंदिसा’ गाणं. दुरुस्त करून आणलेला प्रत्येक अँप्लिफायर मी त्याच कॅसेटवर तपासायचो. एकदा अण्णा बिलं लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, “तबला कोण वाजवतंय रे?” अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात ज्या मैफली होतात, तिथं अण्णांनी वर्षानुवर्षं माईक लावलेत. त्यांनी विचारणं हीच दाद होती.

वाजवत होते असीम चक्रवर्ती. तबला वाजवता वाजवता तेच गातही होते. १९९० साली दिल्लीत त्यांनी आणि गिटारवादक सुस्मित सेन यांनी हा बँड उभा केला. पुढं बेसवर राहुल राम आले, ड्रमवर अमित किलम. यांना पुण्यात ऐकायची संधी एकदा आली होती, पण त्या दिवशी हळदीची ऑर्डर होती आणि घरात पैशाची गरज होती. २००९ च्या २५ डिसेंबरला असीम गेले. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. आता आपण ज्यांना ऐकायला निघालो होतो ते उरलेच नाहीत, असं मी मनाशी ठरवून टाकलं. लग्न झालं, मुलं झाली, कर्णे जाऊन एकाखाली एक टांगलेल्या बॉक्सचा लाइन अ‍ॅरे आला. ‘कंदिसा’ मात्र प्रत्येक नव्या सिस्टिमवर आधी वाजायचं.

फेस्टिव्हलच्या पोरांचा फोन आला आणि त्यांनी बँडचं नाव सांगितलं, तेव्हा मी भाव केला नाही. धाकटा भाऊ माझा भागीदार आहे, तो दोन दिवस त्यावरून बोलत होता.

मैदान कुपवाडच्या बाजूचं, मागं वस्ती आणि पुढं शेतं. थंडीत सूर्य गेला की जमीन लवकर गार होते आणि तिच्यावरची हवा त्या मानानं उबदार राहते. मग वर गेलेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांब पोचतो. उन्हाळ्याच्या दुपारी जो बेस कुंपणापाशी मरतो, तोच थंडीत रात्री नऊला रान ओलांडून लोकांच्या खिडक्या हलवतो. म्हणून सब, म्हणजे बेसचे मोठे बॉक्स, आम्ही वेगळ्या रचनेत लावले. तिनाच्या थप्पीत मधला बॉक्स उलटा, तोंड मागं. त्याची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण बाजू, उलटी करायची आणि काही मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे उशीर, द्यायचा. पाठीमागं पुढच्या दोघांचा बेस आणि याचा बेस एकमेकांना खोडतात, समोर जोर राहतो. आयोजकांपैकी एका प्राध्यापकांनी येऊन विचारलं, “हा बॉक्स चुकून उलटा लागलाय का?” त्यांना स्टेजमागं घेऊन गेलो आणि आधी सरळ, मग उलटा लावून ऐकवलं. फरक त्यांना लगेच कळला. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना तो ऐकायचाच नसतो. डॉल्बीच्या भिंती उभ्या करणाऱ्यांना छाती हादरली म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि तसं वाटायला त्यांना आपल्याच लोकांनी शिकवलंय.

जनरेटर बाहेरून घेतला होता, अशाच एका डॉल्बीवाल्याकडून. बेसची लाइन उघडली आणि घुंऽऽ असा आवाज, अगदी पन्नास हर्ट्झचा. लोक अशा वेळी केबल बदलत बसतात. भावानं सरळ न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर धरला, तर बारा व्होल्ट. म्हणजे अर्थिंग नावालाच होतं. वाळक्या मातीत वीतभर सळई ठोकून पोरं मोकळी झाली होती. हा निष्काळजीपणा मला सहन होत नाही. स्टेजवरचा माणूस एका हातात गिटारची तार धरतो आणि ओठ माईकला लावतो, तेव्हा त्याचा जीव त्या सळईवर असतो. आम्ही नवी लांब सळई खोल ठोकली, भोवती मिठाचं पाणी ओतलं, जोड घासून घट्ट केले. मीटर दोनच्या खाली आला, घुंकार गेला.

मग तबला. ड्रमसेटपासून हाताभर अंतरावर तबल्याचे माईक उघडे ठेवायचे म्हणजे झांजा तबल्याच्या माईकमधून ऐकू येतात. आवाज वाढवावा तर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला बॉक्स, शिट्टी मारतो. माईकची पाठ सगळ्यांत बहिरी असते, ती नेमकी झांजेकडं यावी असा कोन शोधावा लागतो, आणि तरी पुढचं तोंड शाईच्या कडेवर राहायला हवं. हे मी दर्ग्यात चिंचेखाली अण्णांच्या शेजारी बसून शिकलो. तिथं ड्रम नव्हते, पण माईकनं काय ऐकू नये हे आधी ठरवायचं, ही शिस्त तिथली. बँडचा साउंड इंजिनिअर समोरच्या मिक्सरवर होता, मी सिस्टिमवर. साउंडचेकला आता तबल्यावर असलेले तुहीन चक्रवर्ती यांनी डाव्यावर घुमारा दिला आणि इंजिनिअरनं लांबून अंगठा दाखवला. त्याला मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं: दहाला सिस्टिम बंद होणार. तो म्हणाला, कळलं.

असीम यांचा आवाज मी साउंडचेकमध्ये शोधणार, हे मला माहीत होतं. हिमांशू जोशी यांनी वरचा स्वर लावला आणि शोधायचं राहून गेलं. निखिल राव यांची गिटारही सुस्मित सेन यांची नक्कल करत नव्हती. गाणं तेच होतं, माणसं वेगळी होती, आणि कुणी कुणाची जागा भरायला आल्यासारखं वाजवत नव्हतं. ज्या रागानं मी इतकी वर्षं या बँडकडं पाठ फिरवली, तो राग कुणावर होता हे मला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

पत्रिकेत वेळ साडेसहाची. साडेसहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग पाहुण्यांची ओळख. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, आणि प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. प्रायोजकांचा सत्कार झाला, प्रायोजकांच्या हस्ते आणखी कुणाचा झाला. फेस्टिव्हलची पोरं विंगेत घड्याळ बघत रडकुंडीला आली होती, वर्षभर वर्गणी काढून त्यांनी हा बँड आणला होता. सव्वाआठला स्टेज मोकळं झालं. पुढच्या सोफ्यांवरची मंडळी दुसऱ्या गाण्यात उठून गेली. पावणेदोन तास ज्यांच्या मानपानात गेले त्यांना पंधरा मिनिटंही बसवलं नाही, याचा मला आजही संताप येतो. सोफे रिकामे झाल्यावर मागची पोरं पुढं आली आणि मैदानात जीव आला.

‘माँ रेवा’, ते नर्मदेकाठचं गाणं, झालं तेव्हा मी मागच्यांसाठी लावलेल्या डिलेच्या बॉक्सपाशी होतो, स्टेजपासून चाळीसेक मीटरवर. आवाजाला तेवढं यायला साधारण ११७ मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबवून हे बॉक्स वाजवायचे, म्हणजे कानाला सगळं स्टेजवरूनच आल्यासारखं वाटतं. तिथं एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. वस्तीतलेच असावेत. गाणं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, “दहाला संपतंय न्हवं? सुनेला दिवस गेल्यात, झोप लागत न्हाई तिला.” मी हो म्हणालो.

नऊ पन्नासला ‘कंदिसा’ सुरू झालं. रेकॉर्डवर ते सात-आठ मिनिटांचं आहे, समोर वाजवताना ते रमतात. नऊ पंचावन्नला हवालदार माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, “साहेब, दहाला बंद करतोय.” ते स्टेजकडं बघत म्हणाले, “पाच मिनिटं चालतंय की ओ. चांगलं म्हणायलेत.” इंजिनिअरला मी बोटांनी खूण केली. त्यानं स्टेजवर कळवलं असणार, पण चढत चाललेली चीज मध्येच कशी तोडायची? मीही तोडली नसती.

म्हणजे आता मला कुणीच अडवत नव्हतं. पोलीस राजी होते, मैदान राजी होतं, आणि पंचवीस वर्षं मी ज्या गाण्यावर कान तयार केला ते शेवटच्या चढावर होतं. आणि जनरेटरपाशी तो डॉल्बीवाला उभा होता. गणपतीआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत याच माणसासमोर उभा राहून मी बोललो होतो, की सूट नाही त्या दिवशी दहा म्हणजे दहा, मग मंडळ कुणाचंही असो आणि गाणं कुठलंही असो. तेव्हा तो म्हणाला होता, तुमच्या आवडीचं वाजत असलं की बघू. अण्णांचा उजवा कान साठीच्या आत गेला. कर्ण्याशेजारी आयुष्य उभं राहून काढल्यावर आणखी काय होणार? मी ते उगाच बोललो नव्हतो.

दहा वाजले. आधी सब काढले. पोटातला ठोका गेला, लोकांनी वळून बघितलं. मग वरचे बॉक्स वीसेक सेकंदांत हळूहळू खाली आणले, झटक्यानं नाही. मागून शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. मॉनिटर मी चालू ठेवले. ते बंद केले असते तर गाणाऱ्याला स्वतःचा स्वर ऐकू आला नसता. मग मी रॅक भावाकडं सोपवला आणि स्टेजच्या उजव्या कडेला जाऊन उभा राहिलो.

ते थांबले नाहीत. ड्रम आता साधे ड्रम होते, लाकूड आणि कातडं. बेस त्याच्या स्वतःच्या छोट्या अँपमधून येत होता. मॉनिटरची तोंडं गाणाऱ्यांकडं, त्यामुळं आवाज मागच्या पडद्यावर आपटून उशिरा आणि मऊ होऊन यायचे. आणि तबला! कुठल्याही माईकशिवाय, पाच-सहा हातांवरून, चाटीचा लख्ख आवाज. मी लावलेला कोन, कापलेल्या फ्रिक्वेन्सी, सगळं बाजूला होतं. पुढच्या काही रांगा गप्प झाल्या आणि धरून गाऊ लागल्या. शब्द कुणाला नीट येत नव्हते, चाल येत होती. मागच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते गेटकडं निघाले होते. त्यांनीही तिकीट काढलं होतं.

गाणं तीनेक मिनिटांनी संपलं. इंजिनिअर येऊन हात मिळवून गेला, फार बोलला नाही. फेस्टिव्हलचा एक पोरगा मात्र डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “सर, एवढं एकच गाणं होतं ओ.” त्याला काय सांगणार? त्याची तीन मिनिटं मी घेतली नव्हती, ती साडेसहा ते सव्वाआठच्या मध्ये गेली होती. पण हात माझा होता, हेही खरं. डॉल्बीवाला जनरेटर जोडून घेताना एवढंच म्हणाला, “केलंसा की.” कौतुक होतं की नाही ते मला कळलं नाही.

भाऊ अजून ऐकत नाही. परवा गोडाऊनमध्ये केबली गुंडाळताना पुन्हा म्हणाला, “दादा, मॉनिटर हा काय ध्वनिक्षेपक नव्हे? नियम पाळायचा तर ते पण बंद पाहिजे होतं. आणि मोडायचाच होता तर तीन मिनिटं सगळंच चालू ठेवायचं, मागची पोरं तरी ऐकती.” मी म्हणतो, मॉनिटरचा आवाज कुंपणाबाहेर गेला नाही, वस्तीतल्या त्या बाईची झोप मोडली नाही. तो म्हणतो, हे तू ठरवलंस, नियमानं नाही. याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन असं वाटतं.

पुढच्या वर्षासाठी त्याच पोरांनी विचारलंय. मी कोटेशनमध्ये एक ओळ घातली आहे: सत्कार कार्यक्रमानंतर, माईकशिवाय. पोरं हो म्हणाली आहेत, पण सही वरच्यांची लागते. ती अजून आलेली नाही.