आमची वाटचाल: नवा टायर विकण्याआधी जुना वाचायचा

आमचा धंदा पंक्चरपासून सुरू झाला. पिंपरी-चिंचवडजवळ बायपासच्या कडेला अण्णांची पत्र्याची शेड होती आणि गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले. अण्णा भोक शोधण्याआधी नक्षीवरून तळहात आडवा फिरवायचे, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एका बाजूने हात सरळ गेला आणि उलट फिरवताना दाते लागले, की ड्रायव्हरला सांगायचे, "टो गेलाय, आधी तो करून घ्या. नाहीतर नवा टायरही असाच जाईल." टो म्हणजे चाक गाडीच्या दिशेला सरळ आहे की आत-बाहेर वळलंय, तो कोन. झिजलेल्या चपलेवरून माणसाची चाल कळते, तशी टायरवरून गाडीची कळते, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. आजही आमच्याकडे नवा टायर बसवण्याआधी जुना वाचला जातो.

२००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पूर्ण सुरू झाला, चाकणला कारखाने वाढले आणि रस्त्यावरच्या गाड्या बदलल्या. आम्ही कर्ज काढून कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं, मशीन घेतलं. पुढे लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या कडेचे, टायर रिमला ओरखडा न पडता काढणारं मशीनही आलं. मग स्पोर्ट्स कारवाले यायला लागले, आणि बहुतेकांची तक्रार एकच असायची: "आधीच्या सेडानचे टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर गेले. हे पंधरा हजारांतच संपले. माल डुप्लिकेट आहे का?"

माल अस्सलच असायचा. या टायरचं रबर मुळात मऊ असतं, कारण रस्ता घट्ट धरायचा तर रबराने डांबराच्या खडबडीत कणांत शिरायला हवं, आणि जे शिरतं ते घासलंही जातं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, ट्रेडवेअर असं लिहून पुढे आकडा असतो; आकडा जितका मोठा, तितकी झीज कमी. ही अमेरिकेतली पद्धत आहे. ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल गाडी चालवून, १०० धरलेल्या प्रमाण टायरशी तुलना करून हा आकडा काढतात. साध्या टूरिंग टायरवर ४०० ते ६०० दिसतं, कडक स्पोर्ट्स टायरवर २०० च्या आसपास. मात्र आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार हिशेब करू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरी गोष्ट गाडीच्या बांधणीची. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग मागे आणि रिअर-व्हील मॉडेलमध्ये ओढही मागचीच. साहजिकच मागचे टायर आधी संपतात. त्यात पुढे २४५ आणि मागे ३०५ अशा वेगळ्या रुंदीचे टायर असले, की पुढचे मागे टाकून झीज सारखी करायचा मार्गच राहत नाही. नक्षी एकाच दिशेची असेल तर रिमवरून उतरवल्याशिवाय डावा-उजवाही बदलता येत नाही. हे गाडी घेतानाच कुणी सांगितलं, तर मालकाची निम्मी चिडचिड वाचेल.

पण सगळ्यात जास्त टायर खातात ते कोन. वळणावर पकड टिकावी म्हणून या गाड्यांना निगेटिव्ह कॅम्बर दिलेला असतो, म्हणजे चाकाची वरची कड आत कललेली. त्यामुळे आतली कड थोडी जास्त झिजणार, ते ठीकच. खरा शत्रू टो. चाक फक्त ०.१ अंशाने तिरपं असलं, तरी दर किलोमीटरला ते जवळजवळ पावणेदोन मीटर आडवं फरफटतं. कॅम्बर आणि बिघडलेला टो एकत्र आले, की बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा बाहेर येतात. उभं राहून पाहिलं तर हे कळतच नाही. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन आतल्या कडेची, मधली आणि बाहेरची खोली वेगवेगळी मोजतो आणि वहीत लिहितो. १.६ मिलिमीटर ही कायद्याची मर्यादा आहे. पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेल्या टायरवर एक्स्प्रेस वेला जाऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. पाणी उपसायला नक्षीची खोलीच लागते. पावसाळा संपला की अलाइनमेंट करायचीच. एका खोल खड्ड्यात टो हलतो, आणि लो-प्रोफाइल टायरमध्ये तो धक्का सोसायला रबर थोडंच असतं.

हवेचं गणित सोपं आहे आणि त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कमी हवेत दोन्ही कडा झिजतात, जास्त हवेत मधला पट्टा. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे भरायची. नायट्रोजनचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी येऊन हवा तपासून जा, त्याचे पैसे लागत नाहीत.

राहिला चालवणाऱ्याचा पाय. त्याच वळणावर ताशी ४० ऐवजी ६० ने गाडी घातली, तर टायरवरचा आडवा जोर सव्वादोन पट होतो. घाटात जोरात चालवणाऱ्याचे पुढचे टायर बाहेरच्या कडेने जातात, सिग्नलवरून झपकन सुटणाऱ्याचे मागचे मधून. जुना टायर हे सगळं सांगतो, मालकाला विचारावं लागत नाही. याच्या उलट, फक्त रविवारी लोणावळ्यापर्यंत जाणाऱ्या गाड्यांची नक्षी भरपूर असते आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं. तिथे मी साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे दाखवतो, त्यांवरून टायर कधी बनला ते कळतं. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. असा टायर झिजलेला नसला तरी मी तो बदलायलाच सांगतो.

कारण सापडल्याशिवाय नवा टायर लावायचा नाही, या नियमापायी काही विक्री हातची जाते. अलाइनमेंट केल्यावर उरलेला टायर अजून एक पावसाळा जाणार असेल, तर आम्ही तसं सांगतो आणि मालक टायर न घेता जातो. हेच लोक पुढे मित्रांच्या गाड्या घेऊन आले आणि त्यावरच दुकान मोठं झालं. अण्णांना हे आधीच माहीत होतं.

आता इलेक्ट्रिक स्पोर्ट्स गाड्या येऊ लागल्या आहेत. बॅटरीमुळे वजन दोन टनांच्या वर, आणि पेडल दाबताच पूर्ण टॉर्क. रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये, म्हणजे मोटरच गाडीचा वेग कमी करते तेव्हा, ब्रेक पॅड वाचतात, पण गाडी थांबवायचं काम टायरलाच करावं लागतं. या गाड्यांसाठी आम्ही लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, आधी तपासतो. गाडीला एक्स्ट्रा लोडची, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या टायरची, खूण हवी असेल, तर तसाच टायर लावतो, स्वस्तातला पर्याय देत नाही. त्यांच्या नोंदीही वेगळ्या ठेवल्या आहेत. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर टायर संपायची वाट पाहू नका, अर्ध्यावर असतानाच एकदा लिफ्टवर आणा.