दुकान सांभाळून कुस्ती: पावसाळ्यापासूनची नोंद

दुहेरी पट, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव, निघायला लागलाय. खडाखडीतून, म्हणजे उभ्यानं हात-मानेची झटापट चालू असताना, आत शिरून दोन्ही पायांपर्यंत पोहोचतो. उचलून टाकताना मात्र अजून दम सुटतो. एकच पाय धरायचा एकेरी पट कच्चाच आहे. दिवसभर कृषी सेवा केंद्रात खताची पोती हलवून संध्याकाळी लातुरात तालमीत उतरणाऱ्याला एवढं पुष्कळ.

तालमीत राहणारी पोरं पहाटे उठून माती उकरतात, जोर-बैठका, सपाट्या मारतात, लढती करतात. संध्याकाळी पुन्हा मॅट. त्यांच्याइतके जोर मारणं एकवेळ जमेल, त्यांच्याइतकं झोपणं जमणार नाही. थंडाई पिऊन, जेवून ती दुपारी गाढ झोपतात, तेव्हा मी गिऱ्हाइकाला फवारणीचं प्रमाण समजावत असतो. हे बघूनच वस्तादांनी माझे जोर निम्म्यावर आणले आणि लढती आठवड्यातून दोनदाच ठेवल्या. पट निघायला लागला तो त्यानंतरच. मानेची मेहनत मात्र रोज. कच्ची मान हौशी पैलवानाची आहे की पूर्णवेळवाल्याची, हे समोरचा बघत नाही.

फरक कळतो तो मॅटवर. तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, मध्ये 30 सेकंद. पहिल्यात मी पोरांना जड जातो, दुसरा त्यांचाच.

पूर्णवेळ जाणाऱ्याला बहुतेक जिल्हाच सोडावा लागतो. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरला गेले, रुस्तुम-ए-हिंद हा देशपातळीवरचा किताब जिंकला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्यात घडला. 2018 ला राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. आणि लातूरचा शैलेश शेळके जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या फायनलला हर्षवर्धन सदगीरकडून अगदी थोडक्यात हरला. दोघंही पुण्याचे वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे! एवढं करून निकाल गुणावर फिरतो. त्यामुळे कोणी पोराला पूर्णवेळ घालू का विचारलं, की मी आधी खुराकाचा खर्च किती वर्षं पेलेल ते विचारतो. दूध, तूप, बदाम, मटण. दुष्काळाच्या वर्षी पहिली कात्री तिथंच लागते.

हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी असली की तालीम सुटते. ते दिवस आता विश्रांतीत धरतो. गावच्या जत्रेत छोट्या इनामावर जोड लावा म्हणालो, तर वस्ताद म्हणाले, "आधी दुसरा राऊंड उभ्यानं काढ." सध्या दोर आणि सपाट्या त्यासाठीच. पस्तिशीच्या पुढचे कोणी एकेरी पट घेत असाल, तर गुडघा न टेकता कसे शिरता तेवढं सांगा.