फौजेतून आल्यावर त्यांनी नोकरी का धरली नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, तोफखान्यात पंधरा वर्षे काढून, १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत भाग घेऊन १९७८ साली पेन्शनीत आले आणि सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या आमच्या कोरडवाहू जमिनीत परतले. त्या काळी सातपूरला कारखाने उभे राहिले होते, ओझरला विमानांचा कारखाना होता, नाशिकरोडला नोटांचा छापखाना होता, आणि माजी सैनिकाला अशा ठिकाणी, निदान फाटकावरचा पहारेकरी म्हणून तरी, काम मिळत असे. ते सोडून त्यांनी औत का धरले, असे मला नातेवाईक विचारतात, शाळेतले सहकारी विचारत असत, आता भाचरेही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक उत्तर तयार असते, ते म्हणजे मातीची ओढ. हे उत्तर मला पटत नाही, कारण त्यात माझी आई कुठेच येत नाही.

नाना १९६३ साली भरती झाले. चीनच्या युद्धानंतर सैन्य वाढवले जात होते, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले होते आणि त्याच वर्षी ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. त्यामुळे संरक्षणमंत्री आपल्या जिल्ह्याचा खासदार आहे, याचा गावातल्या तरुणांना अभिमान होता. नानांचे प्रशिक्षण नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात झाले. गावापासून ते ठिकाण इतके जवळ, की बाजाराला गेलेली माणसे तोफखान्यातल्या पोरांना कवायत करताना पाहून येत, पण त्या पोरांना मात्र घरी यायची मुभा नसे. १९६७ साली लग्न झाले आणि आई या घरात आली. आजोबा तोवर वारले होते. घरात राहिल्या त्या सासू आणि सून, दोघीच, आणि दोन वर्षांनी मी.

युद्धाबद्दल नाना फार कमी बोलत, पण ते काही लपवत असत असे मला वाटत नाही. तोफखान्यातल्या जवानाला शत्रू सहसा दिसतच नाही. पुढे बसलेला अधिकारी वायरलेसवरून आकडे सांगतो, तोफेवरची माणसे त्या आकड्यांप्रमाणे तोफेचे तोंड फिरवतात, नळी वर-खाली करतात, गोळा भरतात आणि डागतात. तो कित्येक किलोमीटर दूर पडतो आणि तिथे काय झाले ते पुन्हा आकड्यांतूनच कळते. पंचवीस पौंडी तोफेवर सहा माणसे असत. लहानपणी आम्ही त्यांना विचारले, की तुम्ही किती शत्रू मारले, तेव्हा ते म्हणाले, “मला कसं कळणार? मी आकडे ऐकत होतो.” ते आकडे ऐकता ऐकता त्यांचा उजवा कान गेला आणि डावाही अर्धाच उरला. १९७१ साली ते पश्चिम आघाडीवर, पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात होते, आणि त्या युद्धाचे पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल घरातल्या लोखंडी पेटीत होते. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावले, तर ते लावून जात.

त्या युद्धातला एक प्रसंग मात्र ते स्वतःहून सांगत. १७ डिसेंबर १९७१ ला पश्चिम आघाडीवर युद्ध थांबले, पण फौजा लगेच परतल्या नाहीत. सिमला करार पुढच्या जुलैत झाला आणि सैन्य आंतरराष्ट्रीय सीमेवर परत यायला डिसेंबर १९७२ उजाडला. ते सगळे वर्ष नानांची तुकडी शकरगडच्या ओस पडलेल्या गावांच्या आसपास होती. तिथले शेतकरी शेते टाकून पळालेले, वाफे तसेच, रहाट तसाच, आणि काही शेतांत सुरुंग पेरलेले. गव्हाच्या अशा सुपीक रानात पेरायला कोणी नाही हे पाहून आपल्याला रात्री झोप येत नसे, असे ते म्हणत.

आणि त्याच वर्षी इकडे माणसे होती, पण पाऊस नव्हता. १९७२ चा दुष्काळ सिन्नरच्या पूर्व भागाने जसा सोसला, तसा कालव्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेजारच्या निफाड तालुक्याने सोसला नाही. बाजरी कणसांवर येण्याआधीच वाळली. आई आणि आजी दुष्काळी कामावर जाऊ लागल्या, आधी खडी फोडायला आणि मग पाझर तलावाच्या मातीकामाला. कामावर मुलांना सुकडी हा कोरडा पोषक आहार मिळे, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, आणि रात्री दिव्यापाशी बसून आई विड्या वळत असे, कारण सिन्नरला विड्यांचे कारखाने होते आणि पाने घरी आणून वळून देता येत. नानांची मनिऑर्डर येई, पण तिने तीन माणसांचे पोट भरले असते, तर बैलांचे भरले नसते. चारा कुठेच नव्हता. आईने दोन बैलांपैकी एक विकला.

हे तिने नानांना कळवले नाही. तिला लिहिता येत नव्हते, शाळेतले गुरुजी पत्र वाचून दाखवत आणि उत्तर लिहून देत, त्यामुळे नवराबायकोत जे काही बोलणे व्हायचे ते तिसऱ्याच्या हातून, आणि तिकडे ते आणखी कोणीतरी तपासणार. त्या आंतर्देशीय पत्रात “इकडे सर्व खुशाल आहे” याच्या पलीकडे काय लिहायचे? नाना १९७३ च्या सुरुवातीला रजेवर आले, तेव्हा गोठ्यात एकच बैल होता. त्यांनी विचारले तेव्हा आईने सांगितले, की शेजाऱ्याशी सावड केली आहे, त्याचा आणि आपला बैल मिळून जोडी होईल, पेरणी अडणार नाही. खरोखरच अडली नाही. नाना हा प्रसंग आम्हाला किती वेळा सांगत! युद्धाच्या गोष्टी ऐकायला बसलेल्या पाहुण्यांनाही ते शेवटी याच गोष्टीवर आणत. आपण सरकारी शिधा खात होतो तेव्हा ही बाई खडी फोडत होती, हे त्यांना सहन होत नसे. आणि कुणी त्यांना शूर म्हटले, की ते आईकडे बोट दाखवत. ते विनयाने तसे करतात, असे लोकांना वाटे. मला ते त्यांचे प्रामाणिक मत वाटते.

म्हणून १९७८ साली सातपूरच्या एका कारखान्यात पहाऱ्याची जागा चालून आली, तेव्हा त्यांनी निर्णय एकट्याने घेतला नाही. त्यांनी आईला विचारले. आई म्हणाली, “इतकी वर्षं मी एकटीनं राखलं. आता तुम्ही पुन्हा दुसऱ्याचं राखायला जाणार असाल तर जा, पण मग जमीन विकून जा.” नाना गेले नाहीत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर एवढेच आहे.

पेन्शनचा काही भाग विकून जी एकरकमी रक्कम मिळाली, तिच्यातून त्यांनी विहीर खोदायला घेतली. दगडमाती वर काढायला यारी लावली, खडक लागला, मग सुरुंग. किती सुरुंग लावले आणि किती उडाले, हा हिशेब चुकला तर खाली उतरणाऱ्या माणसाचा जीव जातो. न उडालेल्या गोळ्याची तोफेवरही अशीच भीती असते, आणि नाना या बाबतीत अतिशय कडक होते. पण आवाज मोजायला त्यांचा कान कुठे होता? म्हणून ते पोरांना, बायांना, शेळ्यांना दूर नेऊन बसवत, वात पेटवणारा माणूस पळत आला की बांधाआड होत, आणि आवाज आई मोजत असे. ती एकेक बोट वर करी. त्यांचे डोळे तिच्या हातावर. आकडा जुळला नाही, तर त्या दिवशी कोणीही विहिरीत उतरायचे नाही, मजुरी वाया गेली तरी चालेल. चौथ्या उन्हाळ्यात पाणी लागले, आणि आम्ही पहिल्यांदा कांदा लावला.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले, तेव्हा गावातल्या बायांबरोबर आईही गेली होती. पुढे शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की शेतकऱ्याने जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा. अनेक गावांत त्यावर चर्चा झाली, काही घरांत भांडणे झाली. नानांनी चर्चा केली नाही. ते तलाठ्याकडे गेले आणि अर्ध्या जमिनीच्या सात-बाऱ्यावर आईचे नाव लावण्यासाठी लागणारी कागदपत्रे विचारून आले. भावकीतले एक गृहस्थ समजूत घालायला घरी आले होते. तुम्ही देशासाठी लढलात, जमीन तुमच्याच नावावर शोभते, असे ते म्हणत होते. नानांना ते पूर्ण ऐकू आले नसावे, म्हणून आईने जवळ जाऊन, मोठ्याने, एकही शब्द न गाळता त्यांना ते सांगितले. नाना म्हणाले, “मी लढत होतो तेव्हा ही जमीन कोण कसत होतं, ते यांना विचार.” वाटणी करताना विहिरीचा तुकडा त्यांनी आईच्या हिश्श्यात घातला.